आजीचे विसरणे आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या



आमच्या कामाच्या भागातील एका पाड्यावर एक आजी राहतात. तीन वर्षांपूर्वी त्या विहिरीवरून घरी येण्याची वाट चुकू लागल्या. नातवंडांची नावे विसरू लागल्या. घरचे म्हणाले, म्हातारचळ लागला. शेजारी म्हणाले, बाहेरचे काहीतरी आहे, भगताला दाखवा. मी प्रार्थना केली, "वय झालंय, सांभाळून घ्या," असे सुनेला सांगितले आणि परत आलो.

पुढच्या पावसाळ्यात आजी अंगणात पडल्या. डावा हात उचलेना. जिल्ह्याच्या ठिकाणी डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी त्यावरचे बारीक डाग दाखवले. "हे जुने, लहान झटके. कुणाच्या लक्षातही आले नसतील. विसरण्याचा आजार आहेच, त्यात रक्तवाहिन्याही खराब झाल्यात." मग त्यांनी विचारले, "बीपी कधी मोजलं होतं?" मी गप्प राहिलो. कितीतरी वर्षे त्या घरी जात होतो, पण कोणी त्यांच्या दंडाला कधी पट्टा बांधला नव्हता.

मी डॉक्टर नाही. त्यानंतर विचारून, वाचून जे समजले ते सांगतो.

आपला मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तोच वापरतो. तो पोहोचवतात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी त्यांच्या भिंती जाड व कडक होतात. एखादी बुजली की तिच्यावर जगणारा मेंदूचा तेवढा भाग मरतो. याच वाहिन्यांच्या कडेने मेंदूतील कचराही बाहेर जातो. अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन त्यातलेच. वाहिन्या बिघडल्या की निचरा मंदावतो, आणि हेच प्रथिन वाहिन्यांच्या भिंतीतही साचून त्यांना आणखी कमकुवत करते. असे हे दोन्ही बाजूंनी नुकसान आहे.

याचा एक मोठा पुरावा अमेरिकेतील कॅथोलिक धर्मभगिनींनी दिला. डॉ. डेव्हिड स्नोडन यांच्या अभ्यासात 678 वृद्ध सिस्टर सहभागी झाल्या. दरवर्षी त्यांनी स्मरणशक्तीची चाचणी दिली आणि मरणोत्तर आपला मेंदू तपासणीसाठी देऊ केला. त्यांतील 102 जणींच्या मेंदूंवरील निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले. 61 जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या. पण त्यांतही ज्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात एक-दोन लहान झटक्यांचे व्रण होते, त्यांना प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश झाल्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या पुरेशा खुणा नव्हत्या, त्यांच्यावर अशा झटक्यांचा परिणाम फारसा दिसला नाही. म्हणजे दोन ओझी एकत्र आली की माणूस खचतो.

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण दुसरे ओझे हलके करणे आपल्या हाती आहे. 2019 साली अमेरिकेतील नऊ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण कमी जणांत आढळली.

म्हणून काही साध्या गोष्टी. चाळिशीनंतर उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका. पाड्यावर सुकी मासळी, लोणचे आणि वरून मीठ असते, ते कमी करा. मशेरी, तंबाखू, विडी सोडा. आणि म्हातारे माणूस विसरू लागले, तर त्याला हसू नका, बांधून ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या.

आजी आज गोळ्या घेतात. गेलेली आठवण परत आलेली नाही. मला त्या ओळखत नाहीत, पण हात धरला की सोडत नाहीत. त्यांच्या सुनेचाही रक्तदाब आम्ही मोजला. तोही वाढलेला निघाला, पण या वेळी वेळेवर कळला.

आता गृहभेटीला जाताना माझ्या पिशवीत शास्त्राशेजारी रक्तदाब मोजायचे यंत्र असते. प्रार्थना मी आजही करतो, पण आधी दंडाला पट्टा बांधतो. आपल्या दानातून अशी आणखी यंत्रे आमच्या कार्यकर्त्यांना मिळावीत, ही विनंती. आजींना प्रार्थनेत आठवा.