बोट कुठे थांबते

सकाळी ६:३०. पालघरकडे जाणाऱ्या गाडीत वहीतले एक पान पुन्हा वाचते. काल रात्री त्यावर अंदाज लिहिला आहे: आशाताईंना मोबाइलवर ‘सर्दी’ टाइप करायला किती वेळ लागेल आणि तो कशात जाईल. आकडे पाहण्याआधी अंदाज लिहून त्यावर तारीख घालायची, हा माझा हट्ट आहे. मागाहून सुचलेले स्पष्टीकरण कोणत्याही आकड्याला चिकटवता येते.

अंदाजाला दोन आधार आहेत. पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम सांगतो की बटण जितके लांब आणि लहान, तितका बोटाला वेळ. कार्ड, मोरान आणि न्यूएल यांनी १९८० मध्ये एकेका कळीचा हिशेब मांडला. त्यात मनाच्या प्रत्येक तयारीसाठी १.३५ सेकंद धरतात.

९:४५. उपकेंद्र. संमतीचा कागद मोठ्याने वाचून दाखवते, वेळेचा मोबदला आधीच सांगते. मग एकेक ताई शब्द टाइप करतात आणि स्क्रीनचे रेकॉर्डिंग चालू राहते. स, आणि बोट अधांतरी. समोर बटणे मोठी आहेत, र जवळच आहे.

“ताई, इथे काय झालं?”

“अहो, हातानं लिहिताना वरचा र शेवटी देतो ना आपण. इथं तो आधी टाकायचा, मग त्याचा पाय मोडायचा, मग द.”

हे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरते. सिद्धांतात ते कुठे बसेल, हे गाडीत बसेपर्यंत डोक्यात घोळत राहते.

दुपारी ३. रेकॉर्डिंगमधले थांबे मोजणे. कंटाळवाणे काम, पण दुसऱ्यावर सोपवत नाही.

१९८० च्या हिशेबात सरावलेल्या माणसाला ओळखीचा शब्द हा एकच घटक असतो, म्हणून विचाराचा थांबा शब्दाच्या आधी येतो. इथे तो शब्दाच्या पोटात आला आहे. नियम मोडला म्हणून फेकून देण्यात अर्थ नाही. या हातांसाठी ‘एक घटक’ म्हणजे काय, हा प्रश्न त्या नियमामुळेच नीट विचारता आला.

५:००. विद्यार्थ्यांबरोबर वाचन. आज ग्रे, जॉन आणि अ‍ॅटवुड यांचा १९९३ चा ‘प्रोजेक्ट अर्नेस्टाइन’. अमेरिकेतील नायनेक्स या टेलिफोन कंपनीला ऑपरेटरांसाठी नवी यंत्रणा घ्यायची होती. ती वेगवान ठरेल अशी सगळ्यांची अपेक्षा. कामाच्या एकेका पायरीचा हिशेब मांडणारे या तिघांचे प्रतिमान म्हणाले, ती जुन्यापेक्षा हळू पडेल. मग प्रत्यक्ष चाचणी: चार महिने, ७२,४५० कॉल. प्रतिमानाचेच खरे ठरले. वर्षाला जवळजवळ वीस लाख डॉलरचा फरक. नुसत्या मोजमापाने नवी यंत्रणा हळू आहे एवढेच कळले असते. का, ते प्रतिमानाने सांगितले: वाचवलेल्या कळी ग्राहक बोलत असतानाच्या मोकळ्या वेळातल्या होत्या, आणि कॉलच्या शेवटी, जिथे प्रत्येक कळ कॉल लांबवते, तिथे एक कळ वाढली होती. आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी प्रबंधांत पुढे सिद्धांत, मागे मुलाखती आणि मधे नुसती पाने असतात. म्हणून हा निबंध मी दरवर्षी वाचायला लावते.

एक विद्यार्थिनी विचारते, “मॅडम, जोडाक्षर मुळातच अवघड असेल तर?” शंका रास्त आहे. कारण जोडाक्षर असो की हाताचा क्रम, थांबा तोच दिसेल.

७:३०. उद्याची शब्दयादी. ‘सर्व’ आणि ‘सत्र’, ‘पर्व’ आणि ‘पत्र’. प्रत्येकात चार कळी, एक जोडाक्षर, एक र. ‘पत्र’मध्ये हात आणि कीबोर्ड यांचा क्रम जुळतो, ‘पर्व’मध्ये उलटतो. जोडाक्षरच अवघड असेल तर थांबे दोन्हीकडे सारखे. हाताचा क्रम आड येत असेल तर ते रफाराच्या शब्दांतच, आणि र च्या आधी. बोटाच्या प्रवासातला फरक फिट्सच्या सूत्राने वजा करायचा.

दुसऱ्या शक्यतेखाली रेघ ओढते, तारीख घालते, आणि पानाचा फोटो त्या विद्यार्थिनीला पाठवते.