निजण्याआधीचा तास

तुळजापुरात देवीची झोपही ठरलेली आहे. भवानीमातेची मूर्ती चल असल्यामुळे वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून नवरात्रापर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याचा पलंग तर घोडेगाव, जुन्नर, नगर अशा वाटेने पायी आणतात. रोज रात्रीही प्रक्षाळ पूजा झाल्यावरच मंदिर मिटतं. महिषासुराशी लढून आलेल्या देवीच्या विश्रांतीसाठी इतकी तयारी करणारे आपण, स्वतः मात्र मोबाइल उशाशी टाकून थेट डोळे मिटतो आणि झोप येत नाही म्हणून कूस बदलत राहतो.

झोपेआधी शरीराला आतून निवावं लागतं. संध्याकाळनंतर शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरू लागतं, रात्रीतून साधारण एक अंशाने. ही उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. हातपाय उबदार असतील तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. पायांना ऊब मिळाली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता निघून जाते. म्हणून रात्री कोमट पाण्याने पाय धुणं, तळव्यांना तेल लावून काशाची वाटी घासणं या आजीच्या सवयी मला फार मोलाच्या वाटतात. त्या घरात परत याव्यात.

उन्हाळ्यात अडचण वेगळी. माळवदाची घरं गेली, स्लॅब आणि पत्रे आले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. स्लॅबवर पाणी मारा, असं सांगतात. पण जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथे हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा गच्चीवर अंथरूण टाकावं, तेही जरा आधी, म्हणजे ते निवतं.

दिवे लवकर मंद करावेत. नेहमीच्या झोपेच्या दोनेक तास आधी मेंदूत मेलाटोनिन वाढू लागतं आणि झगझगीत उजेड त्याला रोखतो. चहाचंही तसंच. त्यातलं निम्मं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात. पाहुण्यांसोबत रात्री आठला घेतलेला कप मध्यरात्रीपर्यंत अंगात असतो.

राहिलं मन. सोयाबीनचा भाव, बँकेचा हप्ता, पोरीची फी हे सगळं दिवा मालवल्यावरच डोक्यात येतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका प्रयोगात, निजण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं कागदावर लिहिणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले. कर्ज त्याने फिटत नाही, पण उद्या बँकेत कोणते कागद न्यायचे, हे रात्रभर घोकावं लागत नाही. घरोघर जुनी वही असतेच.

आणि ज्यांच्या शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते, त्यांचं काय? भरणं करून पहाटे घरी येणाऱ्या माणसाला दहा वाजता निजा म्हणणं निरर्थक आहे. त्याने घड्याळ सोडावं, क्रम धरावा: पाय धुणं, तेल, अंधार, अंथरूण. येताना उजाडलं असेल तर डोक्यावरचं उपरणं डोळ्यांवर ओढून घ्यावं, घरात आल्यावर चहाला नाही म्हणावं आणि घरच्यांनी दुपारपर्यंत त्याला हाक मारू नये. त्याच्या झोपेचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवायला हवा.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या डुलकीविषयी.