जुन्या विंडोजवर आयपी पत्ता कसा शोधाल?

अंबड, परतूर, भोकरदनकडच्या एखाद्या ई-सेवा केंद्रात जुना संगणक असेल आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर त्याला जोडायचा असेल, तर आधी हा पत्ता लागतो.

• आयपी पत्ता : जाळ्यातल्या यंत्राचा क्रमांक. चार आकडे, प्रत्येक ० ते २५५. उदा. १९२.१६८.१.५. तो बदलू शकतो.

• मॅक पत्ता : नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेली १२ चिन्हांची ओळख. दोन्हींची गल्लत नेहमीची.

• एक्सपी (२००१), विंडोज ७ (२००९) : स्टार्ट, रन, सीएमडी, एंटर. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (इंग्रजी अक्षरांत, सलग) टाइप करा. एक्सपीत 'आयपी ॲड्रेस', सातमध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ बघा. सातमध्ये रन दिसत नसेल तर विंडोजची कळ दाबून धरून आर दाबा. मॅक पत्त्यासाठी आज्ञेपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल'. मग 'फिजिकल ॲड्रेस' ही ओळ.

• विंडोज ९५, ९८ : रनमध्ये 'विनआयपीसीएफजी'. वेगळी खिडकी उघडते.

• १६९.२५४ ने सुरुवात : राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. विंडोजने स्वतःच एक घेतला आहे. आधी केबल नीट खोचा. बहुतेकदा तिथेच घोडं अडतं.

• घरचा आणि बाहेरचा : १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते फक्त आतल्या जाळ्यापुरते. इंटरनेटला दिसणारा पत्ता वेगळा. तो या खिडकीत सहसा दिसत नाही.

• सावधान : मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार नकोत.