कोणती डिस्क काढायची?

शस्त्रागारातल्या प्रत्येक रायफलचा क्रमांक नोंदवहीत असतो. कोणती रायफल बाहेर गेली, कोणी नेली, केव्हा परत आली, हे नव्याने ड्यूटीवर आलेल्या माणसालाही वही पाहून सांगता येते. संगणक विभागातल्या सर्व्हरला आणि त्याच्या डिस्कना हीच शिस्त लागते.

सर्व्हरमध्ये सहसा अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या असतात. या जोडणीला 'रेड' म्हणतात. 'रेड-५' प्रकारात ४ टेराबाइटच्या ४ डिस्क लावल्या, तर वापरायला १६ नव्हे, १२ टेराबाइट जागा मिळते. उरलेल्या जागेत पॅरिटी, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा तयार करण्यापुरती माहिती असते. ती चारही डिस्कवर विभागलेली असते. म्हणून एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. पण अशा वेळी घाईत बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क उपसली, तर सगळी जोडणीच कोलमडते.

ही चूक सहज होते. कित्येक यंत्रांत खण ० पासून मोजतात. तिथे 'खण ३' म्हणजे चौथा खण. लिनक्समध्ये डिस्कला मिळालेले 'एसडीए', 'एसडीबी' असे नाव यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकते. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक मात्र बदलत नाही. म्हणून नोंदवहीत निदान एवढे हवे:

१. सर्व्हरचे नाव, जागा आणि तो मुख्य की दुय्यम.
२. प्रत्येक डिस्कचा खण, अनुक्रमांक, क्षमता, बसवल्याची तारीख.
३. रेडचा प्रकार आणि त्यातल्या डिस्क.
४. कोणती माहिती कुठे आहे, जबाबदारी कोणाची.
५. बॅकअप कुठे आहे, आणि त्यातून फाइल परत आणून शेवटी केव्हा पाहिली.
६. प्रत्येक बदल : काय, कोणी, केव्हा आणि का.

पाचवा मुद्दा किती मोलाचा आहे, ते गिटलॅब या कंपनीच्या अनुभवावरून कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला सुरुवात केली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. रोज बॅकअप होतो असा समज होता. प्रत्यक्षात तो होत नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून बरेचसे वाचले. त्यानंतरच्या तासांतली माहिती मात्र परत आली नाही. कंपनीने ही हकीकत स्वतःच जाहीर केली, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले.

'बॅकअप आहे' एवढे लिहिणे ही नोंद नव्हे. 'अमुक तारखेला अमुक फाइल परत आणून उघडून पाहिली' ही नोंद.

नोंदवही त्याच सर्व्हरवर ठेवू नये. तो बंद पडला की वहीही बंद. एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक कागदावर असावी. पासवर्ड त्यात लिहू नयेत. ते वेगळे, कुलपात ठेवावेत. बदल झाला त्याच दिवशी नोंद व्हावी, कारण जुनी नोंद कोऱ्या पानापेक्षा जास्त घात करते.

वही नीट आहे का, हे तपासणे सोपे आहे. ती खोली कधीच न पाहिलेल्या कॅडेटच्या हाती वही द्या आणि विचारा, "बिघडलेली डिस्क कोणती?" कोणालाही न विचारता त्याने योग्य खणावर बोट ठेवले, तर वही पास.