बाणगंगा, खवा आणि न जळलेले इंधन

नदीचे प्रदूषण आणि स्वच्छ ऊर्जा हे दोन विषय आपल्याकडे दोन वेगळ्या कार्यालयांत राहतात. नदीची फाईल नगरपरिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, सौर पॅनेलची महावितरण आणि महाऊर्जाकडे. निसर्गात मात्र ही वाटणी नाही. पाणी किती घाण आहे हे सांगणारे प्रमुख माप म्हणजे बीओडी, म्हणजेच जैविक ऑक्सिजन मागणी. एक लिटर पाण्यातला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणू किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खातात, ते हे माप सांगते. आपल्या प्रयोगशाळांत त्यासाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. आता चुलीत लाकूड जळते तेव्हा काय होते? त्यातल्या कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उष्णता निघते. नदीत शेण किंवा दूध कुजते तेव्हाही शेवटी तेच होते, फक्त आच न दिसता आणि नदीच्या खर्चाने. म्हणजे बीओडी हे एका अर्थाने पाण्यात वाहून गेलेल्या इंधनाचे माप आहे. ही गोष्ट पटली, की नदी वाचवणे आणि इंधन वाचवणे ही दोन कामे उरत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्याइतके याचे चांगले उदाहरण शोधून मिळायचे नाही.

भूम बाणगंगेच्या काठी, बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा: एका अंगाचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते, दुसऱ्या अंगाचे सीना आणि भीमेतून कृष्णेला. बाणगंगा सीनेच्या बाजूची. भाग अवर्षणप्रवण, त्यामुळे नदी पावसाळ्यापुरती वाहते आणि उन्हाळ्यात पात्रात जे ओले दिसते ते बहुधा गावाचेच सांडपाणी असते. याच कोरडवाहू परिस्थितीतून इथला खव्याचा धंदा उभा राहिला. पीक बेभरवशाचे म्हणून दुभती जनावरे, दूध टिकत नाही म्हणून ते आटवायचे. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. वजन पाचपट कमी, टिकाऊपणा जास्त, आणि माल दूरच्या मिठाईवाल्यापर्यंत पोहोचतो. याच तालुक्यातल्या कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्राचा पेढा यात्रेकरूंनी आधीच सर्वदूर नेला होता; २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे मालाच्या गुणाचे श्रेय जागेला देणे. मग त्या जागेच्या पाण्याचे आणि झाडांचे काय होते, हा प्रश्न खव्याच्या हिशेबात यायलाच हवा.

आधी पाण्याची बाजू. दूध माणसासाठी पूर्णान्न आहे, तसे ते जिवाणूंसाठीही आहे. एक लिटर दुधाची बीओडी एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास भरते. घरगुती सांडपाण्याची दोनशे-तीनशे असते, आणि आंघोळीयोग्य नदीसाठी मर्यादा आहे लिटरला फक्त ३ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. भागाकार केला तर एक लिटर दूध कुजायला सुमारे तेरा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागतो, म्हणजे टँकरभराहून जास्त पाण्यातला. खव्यात पनीरसारखी निवळी निघत नाही, ही जमेची बाजू. फक्त पाणी वाफ होऊन जाते. पण कढईच्या तळाला आणि काठाला जी खरवड चिकटते, उलथण्याला जी साय राहते, दुधाच्या कॅनमध्ये जो थर उरतो, तो धुण्याच्या पाण्याबरोबर नालीत जातो. स्निग्धांश आणि प्रथिने यांनी दाट झालेले ते पांढरट पाणी साध्या सांडपाण्याच्या कितीतरी पट भारी असते.

आता भट्टीची बाजू. एक किलो खव्यासाठी पाच किलो दूध २५ अंशांवरून उकळीला न्यायचे आणि त्यातले चार किलो पाणी उडवायचे. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. सगळे मिळून साधारण साडेदहा मेगाज्यूल होतात, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास तीन युनिट. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे पाऊण किलो लाकडात काम भागायला हवे. पण उघड्या भट्टीत उष्णतेचा पाचवा-सहावा हिस्साच कढईला लागतो. बाकी धुराबरोबर, भिंतीत आणि बाजूने निघून जाते. त्यामुळे किलोभर खव्यामागे साडेतीन ते सव्वाचार किलो लाकूड जळते. शिवाय जी उष्णता दुधापर्यंत पोहोचली, तिच्यातल्या सात भागांपैकी सहा भाग वाफेबरोबर छपराबाहेर जातात. ही वाफ झाकणाखाली धरून तिच्यावर पुढचे दूध नुसते तापवून घेतले, तरी सातवा हिस्सा इंधन वाचते. साखर कारखान्यात उसाचा रस आटवताना एका भांड्याची वाफ कमी दाबाच्या पुढच्या भांड्याला देतात. मराठवाड्याला परिचित असलेली ही युक्ती दुधालाही लागू आहे, आणि मोठ्या दूध प्रकल्पांत ती वापरलीही जाते.

दोन्ही बाजू जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे गोठा. एक म्हैस रोज पंधरा किलोच्या आसपास शेण देते. त्यापासून अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त गोबरगॅस मिळतो, आणि शेगडीतली तूट वजा जाता सुमारे सहा मेगाज्यूल उष्णता भांड्याला लागते. म्हणजे दोन म्हशींच्या शेणावर पाच लिटर दुधाचा खवा होऊ शकतो. उकिरड्यावर उघडे पडलेले हेच शेण पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला जाते; त्यातले नत्र आणि स्फुरद साठवण तलावात शेवाळ आणि जलपर्णी पोसतात, आणि ती कुजू लागली की ऑक्सिजन पुन्हा खाली येतो. गॅस काढून घेतल्यावरही नत्र-स्फुरद मळीत राहतातच, पण ती मळी शेतात जाते. नदीचा शत्रू तोच शेताचा मित्र होतो, आणि मधल्या मुक्कामी भट्टीचे काम करून जातो.

यावर पहिला आक्षेप प्रमाणाचा, आणि तो रास्त आहे. हजार लिटर दूध आटवणाऱ्या ठिकाणी एक टक्का दूध धुण्यात गेले, तर दहा लिटर, म्हणजे एक किलो बीओडी. माणशी रोजची बीओडी २७ ग्रॅम धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ही सदतीस माणसांच्या सांडपाण्याची भर झाली. वीस हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाची रोजची घाण पाचशे किलोंच्या वर जाते. तेव्हा बाणगंगेचे दुखणे खव्याच्या माथी मारणे चूक ठरेल. मोठा वाटा घराघरातल्या मोऱ्यांचा आहे. भूम यात एकटे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित होते, त्यांपैकी सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातले. आणि त्याच मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरी भागात रोज तयार होणाऱ्या ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाण्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया झाली २०,२३६ दशलक्ष लिटरवर. पण इथेही मूळ मुद्दा ऊर्जेचाच निघतो. पाण्यात यंत्राने हवा फुंकणारी प्रक्रिया दर घनमीटरमागे साधारण अर्धा युनिट वीज खाते. शहरात हे जमते. लहान नगरपरिषदेला पंपाचे बिलच जड होते, आणि वीज परवडली नाही की चांगले केंद्रही नुसते उभे राहते. म्हणून लहान गावाला वीज कमीत कमी लागणारी रीत हवी: हवाबंद टाक्यांतून जाणारे पाणी, पुढे खडी आणि लव्हाळ्याचे वाफे किंवा उथळ तळी. त्यांना जागा जास्त लागते, पण वीज जवळजवळ नाही. उरलेले पंप दिवसा सूर्यावर चालवता येतात.

दुसरा आक्षेप चवीचा: लाकडाच्या आचेशिवाय खव्याला खमंगपणा येत नाही. खमंगपणा येतो तो दुधातली साखर आणि प्रथिने यांच्यात शेवटच्या टप्प्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेतून. गोळा घट्ट होऊ लागला की आच किती आणि उलथणे किती वेगाने फिरते, यावर रंग आणि रवाळपणा ठरतो. तिथे इंधनाच्या जातीपेक्षा आचेवरचा ताबा महत्त्वाचा, आणि गॅसच्या शेगडीवर तो लाकडापेक्षा जास्त मिळतो. धूर लागला तर तो दोषच मानला जातो, शिवाय भट्टीपुढे बसणाऱ्याच्या फुप्फुसात जातो तो वेगळाच. तिसरा आक्षेप असा, की भट्टीत जळणारी वेडी बाभूळ फुकट आहे आणि तोडली तरी पुन्हा फुटते, मग बिघडले कुठे? जेवढे फुटते तेवढेच तोडले, तर हा युक्तिवाद टिकतो. पण भट्टीला बाभळीची जात कळत नाही, आणि बालाघाटच्या उतारावर झाड गेले की माती सैल होते. ती माती गाळ होऊन तलावात बसते, आणि दुष्काळी तालुक्यात तलावाची साठवण घटणे ही धुरापेक्षा महागडी गोष्ट आहे.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे: गोबरगॅसचे खड्डे यापूर्वी गावोगाव झाले आणि बरेच बंद पडले. कारणे ठाऊक आहेत. शेणाइतकेच पाणी लागते आणि उन्हाळ्यात ते नसते. थंडीत गॅस मंदावतो. दुरुस्तीला माणूस मिळत नाही. शिवाय रोज दोनशे लिटर दूध विकत घेणाऱ्या भट्टीला ऐंशी म्हशींचे शेण कुठून आणायचे? म्हणून एकट्या गोबरगॅसवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. कढईचे पहिले, साबण न लावलेले धुणे शेण कालवायला वापरले तर पाण्याची गरज घटते, नालीत जाणारी बीओडी घटते आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे गॅसही वाढतो. प्रमाण मात्र बेताचे हवे, नाहीतर आम्ल साठून जिवाणू मंदावतात. मोठ्या भट्टीत दुधाचे बरेचसे आटवणे वाफ पुन्हा वापरणाऱ्या बंद भांड्यात आणि दिवसाच्या सौर विजेवर, आणि शेवटचा गोळा गॅसवर, अशी विभागणी करता येते. भूम परिसरात सौर विजेवर खवा करण्याचे प्रयोग झालेही आहेत. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. वाफ न वापरता केवळ त्या विजेवर दूध आटवले तर दिवसाला जेमतेम एक किलो खवा होईल. म्हणूनच आधी वाफ अडवायची, मग पॅनेल मोजायची. हा क्रम उलटला की सौर खवा महाग पडतो आणि दोष सूर्याला लागतो.

बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना पाहून स्वच्छ ऊर्जा आपल्याकडे आलीच आहे असे वाटणे साहजिक आहे. पण ती वीज ग्रीडमध्ये जाते; खालच्या भट्टीतले लाकूड आणि नालीतली साय तिच्याने कमी होत नाही. तालुक्यापुरती खरी प्रगती मोजायला दोन आकडे पुरेत: बाणगंगेची बीओडी गावाच्या वर आणि गावाच्या खाली, महिन्यातून एकदा, आणि किलोभर खव्यामागे जळालेले लाकूड. पहिला आकडा नगरपरिषदेने लावायचा, दुसरा खवा उत्पादकांनी, आणि दोन्ही एकाच फळ्यावर. नुसता लाकडाचा आकडा उतरला तर धंद्याचा खर्च वाचला एवढेच म्हणता येईल; दोन्ही उतरले तर मानांकनात जिचे नाव छापले आहे त्या जागेचाही फायदा झाला, असे छातीठोकपणे सांगता येईल.