आरएक्स १०० ला स्टीलचे एलन बोल्ट

खालापूर-खोपोलीच्या पावसात ज्यांची जुनी यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) अजून धावतेय, त्यांच्यासाठी. क्लच कव्हरचे मूळ स्टार स्क्रू गंजून बसतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं गुळगुळीत होतं. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

नवे एलन बोल्ट एम६, ए२ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. पाना ५ मिमीचा लागतो. चुंबक कडकडून चिकटला तर ते बहुधा चकचकीत लोखंड, ए२ स्टेनलेस नव्हे! लांबी प्रत्येक भोकाची वेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जुना स्क्रू त्याच जागी खोचत जा. लांब बोल्ट तळाला टेकतो, कव्हर दबतच नाही. आखूड असला की आटे जातात.

खरी गोम पुढे आहे. केसिंग अॅल्युमिनियमचं. स्टेनलेसशी गाठ पडली आणि ओल मिळाली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते, बोल्ट जाम. म्हणून आट्यांना अँटी-सीझ लावाच. दुकानदार 'ग्रीस चालतं' म्हणतील. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

एलन पाना हातात आला की जोर जास्त लागतो. समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून, बेतानेच आवळा. पॅकिंग मात्र नवीनच टाका.