बालीगंजची हवा : मोबाइलवर आकडा एक, पण श्वास सगळ्यांचा सारखा नाही

सकाळी उठल्यावर आपण मोबाइलवर हवामान बघतो. आज पाऊस आहे का, ऊन किती आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या शेजारी आणखी एक आकडा दिसू लागला आहे, तो म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. सगळे त्याला ‘एक्यूआय’ म्हणतात. कोलकात्यासाठी हा आकडा शोधलात तर व्हिक्टोरिया, जादवपूर, रवींद्र सरोवर, विधाननगर अशा मोजक्या केंद्रांची नावं दिसतात. त्यातलंच एक नाव आहे बालीगंज.

दक्षिण कोलकात्यातला हा जुना, सुखवस्तू भाग. रुंद रस्ते, मोठी झाडं, नावाजलेल्या शाळा आणि गरियाहाटचा गजबजलेला बाजार. कोलकात्यात आलेल्या मराठी माणसांनाही हा परिसर अनोळखी नाही, कारण हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास इथून फार लांब नाही. पण हिवाळ्यात याच बालीगंजचा आकडा अनेकदा २०० च्या वर जातो आणि ‘खराब’ हवेचा नारिंगी रंग दिसू लागतो.

हा आकडा नेमकं काय सांगतो? तो सुधारण्यासाठी कोण काय करतंय? आणि मुख्य म्हणजे, तो सगळ्यांसाठी सारखाच आहे का?

आकडा कसा वाचायचा?

आपल्या देशात हा निर्देशांक २०१४-१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो. वाचायला तो सोपा आहे. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अति खराब आणि त्यापुढे गंभीर.

कोलकात्यात हिवाळ्यात आकडा वाढतो तो मुख्यतः ‘पीएम २.५’ या अतिसूक्ष्म कणांमुळे. हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत. थेट फुप्फुसात जातात आणि तिथून रक्तातही पोहोचू शकतात. भारतीय मानकानुसार या कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे नियमात बसणारी हवासुद्धा पूर्ण निर्धोक असतेच असं नाही.

पावसाळ्यात बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे आणि सरी हवा धुऊन काढतात. नोव्हेंबरपासून वारा मंदावतो. थंड हवा जमिनीलगत अडकते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कोळशाच्या शेगड्या, जाळलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली साठत जातं.

एकच परिसर, वेगवेगळा श्वास

आता बालीगंजमधलाच एक दिवस बघा. बहुमजली इमारतीतलं कुटुंब हवा खराब झाली की खिडक्या बंद करतं, हवा शुद्ध करणारं यंत्र लावतं, मुलांना गाडीने शाळेत सोडतं. त्याच इमारतीत स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका पहाटेच्या लोकलने दक्षिण २४ परगण्यातून येतात. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूरकडच्या गाड्यांमधून त्या बालीगंज जंक्शनला उतरतात आणि गर्दीच्या रस्त्याने चालत कामावर जातात. घरी चुलीवर स्वयंपाक होत असेल, तर धूर तिथेही असतोच.

गरियाहाटच्या चौकातले फेरीवाले, वाहतूक पोलीस, रिक्षा ओढणारे आणि फुटपाथवर कोळशाच्या इस्त्रीने कपडे करणारे दहा-बारा तास रस्त्यावरच असतात. पूर्वेला थोडं पुढे गेलं की धापा लागतं. कोलकात्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे टाकला जातो. बालीगंजच्या घरातून सकाळी निघालेली पिशवी नजरेआड होते. पण कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की तो धूर सर्वांत आधी धाप्याच्या आजूबाजूला राहणाऱ्यांच्या घरात शिरतो.

याच गोष्टीला ‘पर्यावरणीय न्याय’ म्हणतात. शब्द जड आहे, प्रश्न साधा आहे. धूर कोण करतं आणि तो कोणाच्या छातीत जातो? सोयी एकाच्या वाट्याला आणि त्यांचा त्रास दुसऱ्याच्या वाट्याला, असं का?

लोकांनी लढून मिळवलेली हवा

धुराविरुद्धचं भांडण या शहराला नवं नाही. कोलकाता आणि हावड्यासाठी धूरविरोधी कायदा १८६३ मध्येच झाला होता. १९०५ मध्ये बंगालसाठी आणखी एक कायदा आला. पण कायदा कागदावर असणं आणि हवा बदलणं यात अंतर असतं. ते अंतर कमी करायला बऱ्याचदा नागरिकांनाच पुढे यावं लागलं.

पर्यावरण कार्यकर्ते सुभाष दत्त यांनी वाहनांच्या धुराविरुद्ध कोलकाता उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने १५ वर्षांपेक्षा जुनी व्यावसायिक वाहनं महानगराच्या रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश दिला. २००९ मध्ये तो अंमलात आला. काळा धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक ऑटो गेल्या आणि एलपीजीवर चालणाऱ्या ऑटो आल्या. शहराला दिलासा मिळाला, पण ऑटोचालकांना मात्र कर्ज काढून नवी गाडी घेण्याची चिंता लागली. त्यासाठी आंदोलनंही झाली. शुद्ध हवेचा खर्च हातावर पोट असलेल्यानेच का उचलायचा, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता.

दुसरी लढाई पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जमिनीची. शहराचं सांडपाणी इथल्या तळ्यांमध्ये जातं. ऊन आणि शेवाळ यांच्या मदतीने ते नैसर्गिकरीत्या शुद्ध होतं, त्यावर मासे वाढतात आणि आसपास भाजीही पिकते. या व्यवस्थेचं मोल अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी जगासमोर मांडलं. या जमिनीवर बांधकामं होऊ लागली तेव्हा ‘पब्लिक’ नावाची नागरिकांची संस्था न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने संरक्षणाचा निर्णय दिला. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरच्या या क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं ‘रामसर स्थळ’ म्हणून मान्यता मिळाली. इथे कष्ट करणारे मच्छीमार आणि शेतकरी शहराचं पाणी स्वच्छ करतात, पण त्याचं बिल आपल्याला कधी येत नाही!

तिसरी लढाई आजही चालू आहे, ती ट्रामची. कोलकात्यात विजेवरची ट्राम १९०२ मध्ये धावली. गरियाहाट आणि बालीगंजला तिचे डेपो. रस्त्यावर धूर न सोडणारी, स्वस्त आणि म्हाताऱ्या माणसांनाही सोयीची अशी ही गाडी. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान-एस्प्लनेडचा छोटा मार्ग सोडून बाकीची सेवा बंद करण्याचा विचार जाहीर केला. ट्राममुळे वाहतूक अडते, हे सरकारचं म्हणणं. ट्रामप्रेमी प्रवाशांची संघटना मात्र ती वाचवण्यासाठी धडपडते आहे.

सरकार काय करतंय?

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने ‘राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम’ सुरू केला. कोलकाता त्यात आहे, आणि आपल्याकडची चंद्रपूर, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर अशी शहरंही आहेत. हवेतले कण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के कमी करायचे, असं पहिलं उद्दिष्ट होतं. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आलं. शहरांना निधी मिळाला. रस्त्यांवर पाणी मारणाऱ्या गाड्या आणि झाडू मारणारी यंत्रं आली. कोलकात्यात २०१९ पासून इलेक्ट्रिक बस धावू लागल्या आणि त्याच वर्षी या कामासाठी शहराला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण एक मेख आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा आढावा घेतला. देशभरात खर्च झालेल्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर गेली होती. धूळ दिसते, म्हणून ती आधी झाडली जाते. जास्त घातक असलेला धूर डोळ्यांना नीट दिसत नाही आणि तो मागे पडतो. दिरंगाईची किंमतही मोजावी लागते. कोलकाता आणि हावड्याच्या हवेबाबत पुरेशी पावलं न उचलल्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारला ५ कोटी रुपयांचा दंड केला होता.

माहूलची आठवण

हे सगळं वाचताना मुंबईचं माहूल आठवल्याशिवाय राहत नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि तिथल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी असलेल्या माहूलमध्ये घरं दिली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण खिडकीतून रसायनांचा वास येऊ लागला. तिथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. रहिवाशांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडं देण्यास सांगितलं. २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठोठावली. धापा असो की माहूल, ज्यांचा आवाज कमी ऐकला जातो त्यांच्याच दारात धूर नेऊन ठेवायचा, ही सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

आपण घरातून काय करू शकतो?

• केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप मोबाइलवर घ्या. आकडा २०० च्या वर असेल तर आजी-आजोबांचं पहाटेचं फिरणं आणि मुलांचं मैदानावरचं खेळणं उन्हं वर आल्यानंतर ठेवा. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

• साध्या कापडी रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. बाहेर जास्त वेळ थांबावं लागणार असेल तर एन-९५ मास्क वापरा. घरी कामाला येणाऱ्या ताईंना आणि सोसायटीच्या वॉचमनलाही तो द्या.

• कचरा, पालापाचोळा जाळू नका. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंडाचा आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे. वॉचमन थंडीत शेकोटी पेटवत असेल तर त्याला ओरडण्याआधी सोसायटीतर्फे गरम कपडे किंवा हीटर द्या.

• ओला आणि सुका कचरा वेगळा करा. ओल्या कचऱ्यामुळे कचराभूमीवर मिथेन वायू तयार होतो आणि आगी लागतात. तुमच्या घरातलं खत म्हणजे कोणाच्या तरी घरातला तेवढा धूर कमी.

• नगरसेवक मत मागायला आले की रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर एक प्रश्न वाढवा : आपल्या वॉर्डात हवा मोजतात का? शुद्ध हवेसाठी आलेला निधी कशावर खर्च झाला?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हवेचं यंत्र विकत घेऊन एक खोली स्वच्छ करता येते, गल्ली नाही. आणि आपल्या घरातली कामं करणारी, आपल्या चौकात भाजी विकणारी, आपला कचरा उचलणारी माणसं त्या गल्लीतच श्वास घेत असतात. उद्या सकाळी मोबाइलवरचा आकडा बघाल तेव्हा आपल्यासाठी खिडकी बंद करा जरूर, पण त्या दिवशी बाहेर कोण उभं आहे, तेही एकदा बघा.